काकींनी काकी दिली, पण काकींचं नाव काय?

चिंचगूळ

मंडळी, अगदी बाळबोध प्रश्न आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

नागोयात येऊन सात महिने झाले. तिसऱ्या मजल्यावर ३०४ मध्ये मी, शेजारी ३०५ मध्ये साठी ओलांडलेल्या एक बाई. लिफ्टमध्ये भेटलो की 'ओहायो गोझाइमासु' होतं, 'आज गारठा आहे ना' होतं. कचऱ्याच्या दिवशी मी चुकीची पिशवी घेऊन निघाले की त्या हळूच मान हलवतात आणि मी मुकाट परत फिरते. परवा कामावरून आले तर दाराच्या मुठीला पिशवी लटकवलेली. आत पाच काकी. ते टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ असतं ना, त्याला जपानीत काकीच म्हणतात. सोबत चिठ्ठी, 'माहेरून आलीत, खाऊन बघा.' खाली नाव नाही, नुसतं '३०५'.

दिवाळी तोंडावर आली आहे. चिवडा-चकली करणार आणि डबा घेऊन जाणार हे नक्की. पण डब्यावर लिहू काय? '३०५ यांस'? दारावर पाटी नाही, खाली पत्रपेटीवरही आकडाच.

मराठीत सात महिने काय, सात वर्षं नाव न विचारता काढली असती. 'अहो' म्हटलं, 'तुम्ही' म्हटलं, फार तर 'काकू' म्हटलं की भागतं. इथे 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' असं पुस्तकात दिलंय, पण ते तोंडावर म्हणायचं नाही हे पुण्यातल्या सेन्सेईंनी (जपानीच्या बाईंनी) पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. मग हाक मारायची कशी? आणि सात महिन्यांनी एकदम 'ओनामाए वा?' असं तोंड वर करून विचारायचं कसं?

घाटमाथा

शीर्षकाला पैकीच्या पैकी. उत्तर माहीत नाही, चकल्यांचे फोटो टाका.

तात्या_तोक्यो

एकोणीस वर्षं इथे आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

'ओनामाए वा नान् देसु का' हे व्याकरणाला चोख, पण कानाला चौकीवरचं. समोर फॉर्म आहे, हातात पेन आहे, तुमचं नाव काय, पत्ता काय, असं. पहिल्या धड्यातलं 'शित्सुरेइ देसु गा, ओनामाए वा?' त्याच्यापेक्षा पुष्कळ बरं, कारण ते वाक्य अर्धंच सोडलंय. 'काय आहे' हे शेपूट कापलं की धार जाते. आपणही 'आपलं नाव...?' म्हणून आवाज वर नेतो आणि तिथेच सोडून देतो, तसंच. आणि तो 'गा' म्हणजे आपला 'पण'. 'आगाऊपणा होतोय, पण...'

त्याच्या वरची पायरी 'ओनामाए ओ ओशिएते इतादाकेमासु का'. यात 'तुम्ही सांगता का' असं नसून 'तुमच्याकडून सांगून मिळेल का' असं आहे. समोरच्याने काही करावं असं म्हणायचंच नाही, आपल्याला काही लाभेल का एवढंच विचारायचं.

त्याहून वर 'ओनामाए ओ उकागात्ते मो योरोशिई देसु का'. इथे तर नाव विचारलेलंच नाही! 'विचारलं तर चालेल का' एवढंच विचारलंय. गंमत म्हणजे याला कोणी 'हो, चालेल' म्हणून गप्प बसत नाही, सरळ नाव सांगतो.

आणि मराठीला कमी लेखू नका. 'नाव कळेल का?' हे वाक्य नीट बघा. विचारणारा गायब, सांगणाराही गायब, नाव आपलं आपणच कळणार. जपानी माणसाला शिकवलं तर खूश होईल.

नवखी_एन५

तात्या, सुंदर. वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न तयार, ही एक गोष्ट तरी आपल्याला फुकटात मिळाली आहे. वर्गातले बाकीचे धडपडत होते, मी मात्र 'देसु का', 'मासु का' करत घरी आल्यासारखी सुटले. 'ने' म्हणजे 'ना' तर आहेच.

पण माझी फजिती ऐका. पहिल्या तोंडी परीक्षेत घाईघाईत 'ओनामाए वा?' ऐवजी 'ओमाए वा?' म्हटलं. मधला 'ना' खाल्ला. परीक्षक बाईंनी भुवया वर केल्या आणि पाणी प्यायल्या. 'ओमाए' म्हणजे 'ए तू' हे मला नंतर कळलं. म्हणजे मी परीक्षकांना विचारलं होतं, 'आणि तू गं?'

भाषेचा_भुंगा

'नामाए' हे आपल्या 'नाम'वरूनच गेलंय हे इथे कोणी सांगितलं कसं नाही? बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत जपानला पोचली, तिथून नाम, नामाए.

सेन्सेई_नव्हे

भुंगाजी, दरवर्षी वर्गात एक तरी विद्यार्थी हे म्हणतो. मोह होतो खरा, पण तसं नाही. नावाला जुना जपानी शब्द नुसता 'ना' आहे, 'माए' मागून जोडलेला. संस्कृतचं 'नामन्' आणि इंग्रजीचं 'नेम' ही सख्खी भावंडं आहेत, जपानी 'ना' त्या घरातला नाही, योगायोगाने सारखा दिसतो. संस्कृतातून गेलेले शब्द जपानीत आहेत, पण हा त्यातला नाही.

'ओमाए'ची कथा मात्र खरंच मजेची आहे. 'माए' म्हणजे पुढा, समोरची जागा. 'ओमाए' हा मुळात मानाचा शब्द, थोरामोठ्यांचं थेट नाव न घेता 'आपल्या समोर' असं म्हणायचं. वापरून वापरून झिजला आणि शेवटी 'ए तू' झाला. आपल्या 'महाशय'चं काय झालंय बघा. आता कोणी 'या महाशय' म्हटलं की आपण आधी काय चुकलं ते आठवतो.

'आनाता'चंही तसंच. १९५२ साली तिथल्या भाषा परिषदेने सुचवलं होतं की समोरच्याला 'आनाता' म्हणणं हा सर्वांसाठी नेहमीचा प्रकार असावा. लोकांनी ऐकलं नाही. बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते ते आपल्या 'अहो'सारखं गोड, जाहिरातीत चालतं, छापील अर्जात चालतं. पण साहेबाला, शिक्षकाला, शेजारणीला म्हणून बघा, चेहरे थिजतात.

म्हणून चिंचगूळ, तुमची अडचण खरी आहे. आपल्याकडे 'तुम्ही'चा आडोसा आहे. तिथे तो आडोसा नाही, माणसाला उद्देशून बोलायचं तर नाव हवं नाहीतर हुद्दा हवा. मागे आपल्या 'जी'सारखं 'सान'. टॅक्सीवाला 'उन्तेन्शु-सान', पोलीस 'ओमावारी-सान', शिक्षक-डॉक्टर 'सेन्सेई'. नाव इतकं लागतं म्हणूनच ते मागायच्या वाक्याला एवढे गादीचे थर चढलेत.

रिकामटेकडा

पण मग शेजाऱ्याला हुद्दा आहेच की. 'ओतोनारी-सान', म्हणजे शेजारचे. आमच्या इमारतीत लोक वीस वीस वर्षं एकमेकांना तेवढंच म्हणतात. नाव विचारायलाच हवं असं थोडंच आहे? पाटी न लावणारा माणूस पाटी का लावत नाही याचाही विचार करा.

चिंचगूळ

रिकामटेकडा, हा विचार माझ्याही मनात आला होता, म्हणून तर सात महिने गेले. पण पाच काकी खाऊन झाल्यावर 'शेजारचे' म्हणायला जीभ वळत नाही हो.

कारखान्यातला

सेन्सेई_नव्हे यांनी 'उकागाउ'चं, म्हणजे तात्यांच्या 'उकागात्ते'मधल्या अदबीने विचारण्याच्या क्रियापदाचं, सांगितलं नाही म्हणून माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका.

एका मोठ्या ग्राहकाच्या कारखान्यात पहिलीच बैठक. मी स्वतःची ओळख 'तो मोशिमासु' म्हणून करून दिली. 'मला अमुक म्हणतात' हे नम्रपणे सांगायचं ते क्रियापद, आत्मविश्वासही वाढला. मग समोरच्या वयस्कर गृहस्थांकडे वळून तितक्याच नम्रपणे म्हणालो, 'ओनामाए वा नान् तो मोशिमासु का?' आमचा दुभाषी खोकला. गृहस्थ हसले, नाव सांगितलं, कार्ड दोन्ही हातांनी दिलं. बैठक संपल्यावर दुभाष्याने गाडीत सांगितलं ते असं की 'मोसु' हे स्वतःला खाली ठेवायचं क्रियापद आहे. ते दुसऱ्याला लावलं की तुम्ही त्याला खाली बसवता. तिथे 'ओश्शाइमासु का' हवं होतं.

आपल्याकडे 'माझ्या झोपडीला आपले पाय लागू देत' म्हणतात. मी ते उलटं केलं होतं, 'तुमच्या झोपडीला माझे पाय लावतो'.

सेन्सेई_नव्हे

हे उदाहरण मी उद्याच वर्गात चोरणार.

याच चुकीसाठी नियम सांगायचा तर एवढाच, की क्रिया कोण करतंय ते बघा. नाव *विचारणारी* मी, म्हणून 'उकागाउ', खालची पायरी. नाव *सांगणारे* ते, म्हणून 'ओश्शारु', वरची पायरी. पूर्वी सन्मानाची भाषा तीन प्रकारांत शिकवत. २००७ साली तिथल्या सरकारी मार्गदर्शिकेने पाच केले आणि 'उकागाउ' व 'मोसु' यांना वेगवेगळ्या खणात टाकलं, कारण 'उकागाउ'ने ज्याला विचारतो त्याचा मान वाढतो, तर 'मोसु'ने फक्त आपलं बोलणं अदबीचं होतं. परीक्षा देणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाकीच्यांनी कारखान्यातला यांची झोपडी लक्षात ठेवली तरी पुरे.

दुकानात, हॉटेलात कानावर पडतं ते सगळं उचलू नका. 'ओनामाए-सामा ओ चोदाइ...' असं काउंटरवरची मुलं म्हणतात. नावालाच 'सामा' लावला, म्हणजे 'आपल्या नावसाहेबांना'! आणि 'चोदाइ' म्हणजे स्वीकारणं. कार्ड स्वीकारता येतं, नाव कसं स्वीकारणार? जुने लोक कुरकुरतात. तरी चाललंय.

ओसरीवर

मी जपानी शिकलेले नाही. लेक ओसाकाला आहे म्हणून हा धागा वाचते आहे. सगळ्यांचं वाचून मला माझी आजी आठवली. तिने आयुष्यात आजोबांचं नाव घेतलं नाही. उखाण्यात तेवढं घ्यायची, तेही दोन ओळी आड लपवून. एरवी 'इकडून जेवण झालं का', 'इकडची स्वारी आली'. माणसाला दिशेच्या नावाने हाक!

लेकीने सांगितलं की फोनवर कोण बोलतंय हे विचारायला तिकडे 'दोचिरा-सामा देश्यो का' म्हणतात आणि 'दोचिरा' म्हणजे 'कुठल्या बाजूचे'. मी तिला म्हटलं, अगं म्हणजे तुझी पणजी जपानीच बोलत होती.

तात्या_तोक्यो

ओसरीवर ताई, सकाळ सार्थकी लागली. एक भर घालतो.

जपानी भाषेतल्या सगळ्यात जुन्या उपलब्ध काव्यसंग्रहाची, म्हणजे आठव्या शतकातल्या 'मान्योशू'ची पहिलीच कविता ही नाव विचारण्याची आहे. युर्याकु सम्राटाच्या नावावर ती दिलेली आहे. टेकडीवर टोपली नि खुरपं घेऊन भाजी खुडणाऱ्या मुलीला तो म्हणतो, तुझं घर सांग, नाव सांग. ही नुसती चौकशी नव्हे, मागणी आहे. त्या काळी मुलीने नाव सांगणं म्हणजे होकार देणं. शेवटी तो म्हणतो, मग मीच सांगतो, माझं घर आणि माझं नाव.

हा शेवट आजही उपयोगाचा आहे. दुसऱ्याचं नाव विचारायचं तर आधी आपलं सांगावं ही तिकडे पक्की रीत. चिंचगूळ, तुम्ही राहायला आलात तेव्हा शेजारी टॉवेल किंवा साबणाची वडी घेऊन गेला होतात का? नवं बिऱ्हाड आलं की आजूबाजूला अशी छोटी भेट देऊन नाव सांगून येतात. नसाल गेलात तर त्यांनाही तुमचं नाव माहीत नाही! चेंडू सात महिने तुमच्याच अंगणात पडलाय.

चिंचगूळ

अरे देवा. नाही गेले. कंपनीने सामान आणून टाकलं, चावी दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला कामावर. टॉवेल काय, मलाच आंघोळीला टॉवेल सापडत नव्हता.

बरं, मग वाक्य ठरवून द्या. 'चालेल का'साठी अदबीचं योरोशिई की साधं इई?

कारखान्यातला

'उकागात्ते मो योरोशिई देश्यो का'. काही चूक होणार नाही.

रिकामटेकडा

मी म्हणतो, होईल. एवढी इस्त्रीची भाषा म्हणजे बँकेच्या खिडकीतून बोलणं. त्या बाईंनी पिशवी दाराला लटकवली, 'खाऊन बघा' लिहिलं, आणि तुम्ही त्यांच्यापुढे निविदा भरल्यासारखं बोलणार? सन्मानाची भाषा कुंपणही असते. साधं 'इई देसु का' पुरे.

कारखान्यातला

साठीच्या बाई आहेत, वयाचा मान ठेवायला नको?

सेन्सेई_नव्हे

दोघांच्या मधलं देते. क्रियापद मानाचं, शेवट घरगुती, म्हणजे 'ओनामाए ओ उकागात्ते मो इई देसु का'. आणि सुरुवातीला 'इमासारा देसु गा' जोडा. 'इमासारा' म्हणजे 'आता इतक्या उशिरा'. आपलं 'आता विचारणं बरं दिसत नाही, पण' तेच. सात महिन्यांचं ओझं त्या एका शब्दात उतरतं. बोलताना 'देसु'मधला 'उ' गिळा, 'देस्' म्हणा. आणि नाव ऐकल्यावर त्याला 'सान' लावून लगेच एकदा म्हणा. स्वतःच्या नावाला मात्र चुकूनही 'सान' नको.

जाता जाता, चित्रलिपी कशी वाचायची हेही विचारून घ्या. डब्यावर लिहायचंय ना? एकाच लिपीचिन्हांचा उच्चार 'नाकाजिमा' की 'नाकाशिमा', 'यामाझाकी' की 'यामासाकी', हे घरच्यांनाच ठाऊक. म्हणून तर तिकडच्या अर्जांत नावाच्या डोक्यावर उच्चार लिहायला वेगळी ओळ असते. जपानी माणसंही एकमेकांना विचारतात, त्यात कमीपणा नाही.

नवखी_एन५

आणि नाव ऐकून पुन्हा विसरलं तर?

तात्या_तोक्यो

त्यावर १९७२ ते ७४ पंतप्रधान असलेल्या काकुएइ तानाकांचा किस्सा सांगतात. खरा-खोटा देव जाणे. समोरच्याचं नाव आठवलं नाही की ते सरळ विचारायचे, 'नाव काय आपलं?' तो दुखावून आडनाव सांगायचा. मग हे म्हणायचे, 'अहो ते माहीत आहे हो, मी *खालचं* नाव विचारतोय.' जपानीत पहिल्या नावाला 'शिता नो नामाए', खालचं नाव म्हणतात, कारण उभ्या ओळीत लिहिताना आडनाव वर येतं. दोन्ही मिळाली, मानही राहिला.

कारखान्यातला

आपल्या नावांचं काय होतं तेही सांगून ठेवतो. पारपत्रावर वडिलांचं नाव मध्ये असतं, तिकडच्या रहिवासी कार्डावर ते जसंच्या तसं उतरतं. दवाखान्यात माझा नंबर आला की परिचारिका आडनाव, नाव, वडिलांचं नाव, सगळं एका दमात वाचते आणि मागे 'सामा' लावते. वडील पंढरपुरात आहेत, त्यांना इथे कोणी बघितलेलं नाही, पण माझ्या सर्दीला दर वेळी त्यांचाही पुकारा होतो.

घाटमाथा

धाग्याची वाचनखूण साठवली. चकल्या?

चिंचगूळ

मंडळी, जाऊन आले.

दोन दिवस आरशासमोर घोकलं. काल संध्याकाळी डबा घेऊन घंटी वाजवली. दार उघडलं आणि माझं ठरवलेलं सगळं उडालं. फक्त तात्यांचा सम्राट आठवला. म्हटलं, '३०४ नो देशपांडे तो मोशिमासु.' आडनाव चार वेळा सांगावं लागलं. पाचव्या वेळी त्या हळूच म्हणाल्या, 'दे-शु-पान्-दे-सान?' आणि मग मी, 'इमासारा देसु गा...' एवढंच म्हणाले.

पुढचं बोलायची वेळच आली नाही. 'इमासारा' ऐकताच बाई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या आणि दोनदा वाकल्या. त्यांनाही विचारायचं होतं म्हणे. एप्रिलपासून. नवऱ्याशी बोलताना मला त्या 'कढीपत्तावाली' म्हणत होत्या, म्हणजे शब्द वेगळा होता, 'छान वासाचं पान' असं काहीतरी. फोडणीचा वास त्यांच्या गॅलरीत जातो.

मग त्यांनी नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, त्यांना न विचारता कशाला. दोनच अक्षरं आहेत. कशी लिहितात विचारलं तर डावा तळहात पुढे केला आणि उजव्या बोटाने त्यावर अक्षर काढून दाखवलं. मला कळलं नाही, म्हणून माझा हात धरून माझ्या तळव्यावर पुन्हा काढलं, सावकाश, रेघेला रेघ. बोट गार होतं, भांडी घासत असाव्यात. उच्चार मी पुस्तकातून काढला असता तो चुकलाच असता.

माहेर गिफूचं आहे, काकी तिथलीच.

आज सकाळी डबा परत आला, दाराच्या मुठीलाच. रिकामा नव्हता, आत सोललेली काकी होती. वर चिकटपट्टीवर कातकानात, म्हणजे परक्या शब्दांच्या जपानी लिपीत, माझं नाव, पाच वेळा ऐकूनही 'शु' जरा लांबवलेला. आणि खाली प्रश्न, चिवड्यातल्या त्या हिरव्या पानाचं नाव काय?